सलोख्याचा हिशेब कोणत्या रकान्यात?

कॅनडाच्या संसदेवर निवडून गेलेल्या प्रत्येक सदस्याला आपल्या मतदारसंघातील घराघरांत वर्षातून चार वेळांपर्यंत छापील पत्रक पाठविण्याची मुभा आहे. छपाई व टपाल यांचा भार सार्वजनिक तिजोरीवर. ‘हाऊसहोल्डर’ या नावाने ते ओळखले जाते. मतदारानेही आपल्या खासदारास संसदेच्या पत्त्यावर पत्र लिहिले, तर त्यास तिकीट लावावे लागत नाही. लोकप्रतिनिधी आणि लोक यांच्यातील हा दुहेरी पत्रव्यवहार लोकशाहीच्या निकोप प्रकृतीचे लक्षण मानावयास हरकत नाही. आपल्याकडे मतदारास प्रतिनिधीचे दर्शन बहुधा वाढदिवसाच्या फलकावर घडते, हे लक्षात घेता हेवा वाटावा अशीच ही प्रथा आहे.

आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने टोरांटोजवळून अशी काही पत्रके मला पाठविली. दंतोपचाराच्या नव्या योजनेचा लाभ कोणास मिळेल, दिवसाकाठी दहा डॉलरांत बालसंगोपनाची सोय कोठे होईल, अर्ज कोठे करावा, ही सारी माहिती सोप्या भाषेत, नेटकेपणाने दिलेली आहे. त्यातच एका चौकटीत नारिंगी सदरा घातलेल्या प्रतिनिधीचे छायाचित्र, आणि खाली तेथील मूळ रहिवाशांशी, म्हणजे फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेती या समाजांशी, सलोखा साधण्याच्या वचनाच्या दोन ओळी. दंतोपचार आणि सलोखा एकाच पानावर, एकाच आकाराच्या अक्षरांत! माझा आक्षेप या मांडणीला आहे.

तो नारिंगी सदरा कोणाचा, हे आधी सांगावयास हवे. 1973 साली ब्रिटिश कोलंबियातील एका मिशनच्या निवासी शाळेत फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची मुलगी दाखल झाली. आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी सदरा तिच्या अंगात होता. पहिल्याच दिवशी तो काढून घेण्यात आला. तिने ही हकीकत सांगितली, तिच्यावरून 2013 पासून 30 सप्टेंबर हा दिवस पाळला जाऊ लागला आणि 2021 मध्ये तो सत्य व सलोख्याचा राष्ट्रीय दिवस झाला.

‘निवासी शाळा’ हा शब्द तुम्हा-आम्हाला आईच्या मायेने आठवतो. 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले, तेव्हापासून या शब्दाने आपल्या कित्येक पिढ्यांसाठी दार उघडले. कॅनडात त्याच शब्दाने दार लावून घेतले. आपली वसतिगृहे आपण मागितली आणि आपणच उभारली. तेथील शाळा राज्यसत्तेने व चर्चने मिळून लादल्या. 1920 मध्ये कायदा दुरुस्त करून मुलांना या शाळांत धाडणे सक्तीचे करता येईल अशी तरतूद झाली. नाकारणारे आईबाप शिक्षेस पात्र ठरले. मातृभाषा उच्चारणे हा अपराध होता. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. त्यांतील 4,100 हून अधिक मुलांच्या मृत्यूंची नोंद आजवर हाती लागली आहे. शेवटची शाळा बंद होण्यास विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला मात्र या सर्वांत 1907 हे वर्ष अधिक महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी इंडियन खात्याचे वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी प्रेअरी प्रदेशातील 35 शाळांची पाहणी केली. कोंदट खोल्या, हवा नाही, क्षयाने खंगलेली मुले निरोगी मुलांच्या शेजारी निजलेली. ज्या शाळांनी त्यांना आकडे दिले, त्यांतील विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मुले मरण पावली होती. हा अहवाल सरकारने जनतेसाठी प्रसिद्ध केला नाही. संसदसदस्यांना आणि चर्चना मात्र तो वाटण्यात आला. वृत्तपत्रांपर्यंत तो पोहोचला, चार दिवस गवगवा झाला, आणि शाळा चालूच राहिल्या. ब्राइस यांना पुढे सेवेतून दूर व्हावे लागले. 1922 साली त्यांनी ती हकीकत स्वतः पुस्तिकारूपाने छापली.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. लोकप्रतिनिधींच्या हाती सत्य होते. आपल्या मतदारांना ते कळविण्याचे कर्तव्य त्यांना बजावता आले असते. परंतु ज्यांची मुले मरत होती ते त्यांचे मतदारच नव्हते. आपला कायदेशीर दर्जा न गमावता फर्स्ट नेशन्सच्या लोकांना देशाच्या निवडणुकीत मतदान करता येऊ लागले ते 1960 मध्ये. 1927 ते 1951 या काळात जमिनीच्या दाव्यासाठी वकील लावावयास पैसा गोळा करणेही त्यांना कायद्याने मना होते. स्वतंत्र प्रतिनिधित्वासाठी बाबासाहेब साउथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत का झगडले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्यावर भाष्य करावयास नको.

आज त्या पत्रकांतून येणारी माहिती खोटी नसते, पण ती देण्याची रीत तपासली पाहिजे. पिण्याच्या पाण्याचेच पाहा. आदिवासी वस्त्यांतील ‘पाणी उकळूनच प्या’ अशा दीर्घकालीन सूचना मार्च 2021 पर्यंत संपवू, असे वचन 2015 साली देण्यात आले. किती सूचना उठल्या हा आकडा सरकार ठळकपणे सांगते, आणि पुष्कळ उठल्या हे खरेच आहे. मुदत मात्र टळली, आणि ऑन्टॅरिओतील नेस्कांटागा या वस्तीवर 1995 पासून लागू असलेली सूचना त्या मुदतीनंतरही कायम राहिली. सूचना लागली त्या वर्षी जन्मलेले मूल आपल्या गावच्या नळाचे पाणी निर्धास्तपणे न पिताच मोठे झाले. चवदार तळ्याच्या वारसांना पाण्याचे राजकारण शिकवावे लागत नाही.

दुसरे उदाहरण जॉर्डन रिव्हर अँडरसन या बालकाचे. मॅनिटोबातील नॉर्वे हाऊस क्री समाजात 1999 मध्ये जन्मलेले हे मूल दुर्धर आजारामुळे रुग्णालयात होते. घरी नेता येईल अशी स्थिती आली, तेव्हा घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करावा की प्रांताने, या वादात दोन वर्षांहून अधिक काळ गेला. 2005 मध्ये पाच वर्षांचे ते मूल घर न पाहताच गेले. आधी मुलाची गरज भागवा, वाद मागाहून घाला, असा ठराव संसदेने 2007 मध्ये एकमताने संमत केला. तरीही 2016 साली मानवी हक्क न्यायाधिकरणाला निर्णय द्यावा लागला की आदिवासी मुलांच्या कल्याणसेवेत केंद्र सरकारने भेदभाव केला. त्यातून पुढे 2,334 कोटी डॉलरांची भरपाई ठरली. सिंडी ब्लॅकस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 पासून चालविलेल्या लढ्याचे हे फळ. सरकारी माहितीत हीच रक्कम शासनाच्या गुंतवणुकीच्या यादीत शोभून दिसते. लढून मिळविलेल्या हक्काला दिलेल्या देणगीचे रूप येणे, ही जुनी चलाखी आपल्या परिचयाची आहे.

सलोखा या शब्दाविषयीही मी थोडा साशंक आहे. मराठीत भांडणाऱ्या दोघांचा समेट होतो. येथे भांडण दुतर्फा कधी होते? पुणे कराराच्या वेळी समजुतीचा भार कोणावर पडला होता, हे आपण विसरलेलो नाही. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या आयोगाने म्हणूनच आपल्या नावात सत्य आधी घातले असावे. 6,500 हून अधिक लोकांच्या साक्षी ऐकून आयोगाने 2015 मध्ये 94 मागण्या मांडल्या. त्यांत आरोग्य, शिक्षण, बालकल्याण यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर व्हावी, हीदेखील मागणी होती. यलोहेड या आदिवासी संशोधन संस्थेच्या मोजणीनुसार 2023 अखेर पूर्ण झालेल्या मागण्या तेरा. घरी येणाऱ्या पत्रकात हा तेराचा आकडा छापण्याचे धैर्य प्रतिनिधीने दाखवावे, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

हा दूरदेशीचा प्रश्न आपल्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. कारण आपली माणसे आज तेथे आहेत. मार्च 2023 मध्ये टोरांटोच्या शाळा मंडळात निर्वाचित विश्वस्त यालिनी राजकुलसिंगम यांनी जातिभेदाविषयीचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. त्याच वर्षी ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क आयोगाने जातीवरून होणारा भेदभाव आपल्या कक्षेत येतो असे स्पष्ट केले. आपले दुःख तेथील प्रतिनिधींनी ऐकले, याचा आनंद आहेच. परंतु ज्या भूमीवर आपल्या मुलांना ही दाद मिळाली, ती भूमी कोणाकडून घेतली गेली, हा प्रश्न त्या आनंदात बुडून जाऊ नये. 14 एप्रिलला सभागृह भरविणाऱ्या आपल्या मंडळींनी 30 सप्टेंबरलाही शेजारच्या सभेत मागच्या रांगेत जाऊन बसावे, आणि पुढच्या खेपेस पत्रक दारात पडले की आपल्या खासदारास पत्र लिहून विचारावे: नेस्कांटागाच्या पाण्याचे काय झाले? तिकिटाचा खर्च नाही.