५७७



परवा न्यू जर्सीहून मावसभावाच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. बेसबॉलचा सामना बघून आला होता स्वारी. मोबाईलवर धावफलक दाखवत म्हणाला, "आत्या, तुमच्याकडे असं सगळं लिहून ठेवतात का?" म्हटलं, बाळा, बेसबॉलला हा धावफलक लावून देणारा हेन्री चॅडविक जन्माने इंग्लंडचा आणि क्रिकेटचाही वार्ताहर! मग त्याला आमच्या बडोद्याचा एक धावफलक पाठवला.

मार्च १९४७, रणजी ट्रॉफीची फायनल, आपल्या बडोद्यातच. समोर सी. के. नायडूंचा होळकर संघ. म्हणजे गायकवाड विरुद्ध होळकर! आदल्या वर्षीची फायनल होळकरांनी ५६ धावांनी जिंकलेली, त्यामुळे उधारी बाकी होती.

होळकर २०२ आणि १७३. बडोदा ७८४. दिवसभर डेटाशी झटापट करणाऱ्या माझ्यासारखीला आकडे दिसले की बेरीज जुळवून बघायची खोडच असते. होळकरांचे दोन डाव मिळून ३७५. ७८४ मधून वजा केले की ४०९. बडोदा एक डाव आणि ४०९ धावांनी विजयी. जुळलं!

बडोद्याचे ३ बाद ९१ झालेले असताना विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि त्यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. एक गंमत मला या वेळीच दिसली. होळकरांचे दोन्ही डाव घ्या, त्यात त्यांचा पहिला डाव पुन्हा एकदा मिळवा. नेमके ५७७ होतात!

फलकावर ही दोन नावं एकाखाली एक आहेत. हजारे सांगलीचे, गुल महंमद लाहोरचे. पाचच महिन्यांनी लाहोर दुसऱ्या देशात गेलं. त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात दोघंही भारताकडून होते. ॲडलेडला हजारेंनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, ती याच दौऱ्यात. पुढे १९५६ मध्ये गुल महंमद कराचीत पाकिस्तानकडून कसोटी खेळले. हजारे मात्र बडोद्याचेच झाले, २००४ मध्ये गेले तेही इथेच.

ही भागीदारी ५९ वर्षं जगात सर्वांत मोठी होती. २००६ मध्ये कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ केल्या. त्याचं आमच्या घरी कुणाला फार वाटलं नाही. खरी पंचाईत झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये. वानखेडेवर दिल्लीविरुद्ध महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी नाबाद ५९४ धावा जोडल्या आणि रणजीतलाही विक्रम गेला. लगेच पुण्याहून आजोबांच्या मेहुण्यांचा फोन. "काय भाऊजी, तुमचा विक्रम आमच्या पोरांनी मोडला की!"

आजोबा म्हणजे घरात गुजराती शब्द आला तरी भुवई वर करणारे. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी दिवाळी अंक पुण्याहूनच यायचे. पण हे 'तुमचा' आणि 'आमच्या' त्यांना चांगलंच लागलं. शाळा बुडवून ती फायनल पाहिल्याचं ते नेहमी सांगायचे. क्षणभर थांबून म्हणाले, "त्यांची तिसऱ्या विकेटची. आमची चौथ्या. खातं वेगळं आहे." आणि फोन ठेवला.

(आजी म्हणाली, "दोन्हीकडची पोरं आपलीच ना?" त्यावर उत्तर मिळालं नाही.)

२०२४ मध्ये गोव्याच्या स्नेहल कौठणकर आणि कश्यप बकले यांनी अरुणाचलविरुद्ध नाबाद ६०६ केल्या. तोवर आजोबा नव्हते. तरी मी विक्रमांची यादी उघडून आधी चौथ्या विकेटची ओळ पाहिली. तिथे ५७७ च होते.

हे सगळं भाच्याला लिहून पाठवलं. त्याने बेरजा तपासल्या आणि विचारलं, "मग आत्या, आपण महाराष्ट्राचे की बडोद्याचे?"

मी टाइप करतेय, असं त्याला बराच वेळ दिसत राहिलं असणार.