पॉम्पेईला वीस हजारांची वेस

नेपल्सहून सुटणारी लोकल गाडी व्हेसुव्हियसला वळसा घालत पाऊण तासाच्या आत पॉम्पेईच्या अवशेषांजवळ पोहोचते. स्थानकाबाहेर पडताच तिकीट खिडकी दिसते आणि तिच्या पलीकडे मरीना दरवाजाची दगडी चढण सुरू होते. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या नगरात आजही पायीच हिंडावे लागते. मात्र १५ नोव्हेंबर २०२४ पासून या पायी हिंडणाऱ्यांची संख्या ठरवून देण्यात आली आहे. दिवसाला २० हजार माणसे आत आली, की वेस बंद. तिकिटावर पर्यटकाचे नाव छापले जाते आणि ते ओळखपत्राशी ताडून पाहिले जाते.

हा निर्णय घेण्याची वेळ का आली, हे समजून घेण्यासाठी फार खोलात जाण्याची गरज नाही. २०२४ या एका वर्षात पॉम्पेईला ४० लाखांहून अधिक पर्यटकांनी भेट दिली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, मोफत प्रवेशाच्या एका रविवारी ही संख्या ३६ हजारांच्या पुढे गेली. अरुंद गल्ल्या, सावलीचा अभाव आणि दक्षिण इटलीचे ऊन लक्षात घेतले, तर एवढ्या गर्दीत एखादी दुर्घटना घडली नाही, हेच नशीब म्हणायचे.

प्रश्न असा आहे, की वीस हजारांची मर्यादा या नगराला खरोखर वाचवणार आहे का?

चालणाऱ्यांचे नगर

पॉम्पेईची लोकसंख्या नेमकी किती होती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. तरी बहुतेकांचे अंदाज दहा ते पंधरा हजारांच्या आसपास घुटमळतात. म्हणजे निर्बंध घातल्यानंतरही गर्दीच्या दिवशी या नगरात जितकी माणसे चालतात, तितकी ते नांदते असतानाही येथे राहत नव्हती. वीस हजार हा आकडा येथे पूर्वीही एकदा भेटतो. नगराच्या पूर्व टोकाला असलेल्या अँफिथिएटरमध्ये सुमारे तेवढेच प्रेक्षक मावत असत. इ. स. ५९ मध्ये तेथे ग्लॅडिएटरांच्या खेळाच्या वेळी पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुसेरियाचे लोक यांच्यात दंगल उसळली. अनेकांचे प्राण गेले. अखेर रोमच्या सिनेटने असे खेळ भरवण्यास दहा वर्षे मनाई केली, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवून ठेवले आहे. गर्दीला आवर घालण्याचा हुकूम या नगराला नवा नाही.

रस्ते पाहिले, की हे नगर पायी चालणाऱ्यांसाठी किती विचारपूर्वक बांधले होते, ते ध्यानात येते. फरसबंदी काळ्या ज्वालामुखीय दगडाची, दोन्ही बाजूंना उंच पदपथ आणि ठिकठिकाणी रस्त्याच्या मधोमध रोवलेले उंच दगड. रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहत असताना पाय न भिजवता पलीकडे जाता यावे, ही त्यामागची सोय. त्या दगडांमधून गाड्यांची चाके जाऊन जाऊन फरसबंदीत खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. नाक्यानाक्यावर सार्वजनिक हौद आहेत. त्यांच्या काठावर पाणी पिताना टेकलेल्या हातांनी पडलेले खळगे आजही बोटांना लागतात. शिजवलेले अन्न विकणाऱ्या दुकानांचे ओटे आणि त्यांत बसवलेली मडकी दिसतात, पिठाच्या दगडी गिरण्या दिसतात. राजवाडे अनेक ठिकाणी पाहायला मिळतात. दोन हजार वर्षांपूर्वीची सामान्य माणसाची गल्ली मात्र क्वचितच अशी शाबूत सापडते. तीच येथील खरी ठेव आहे.

गर्दी कुठे, नुकसान कुठे?

आता थोडा हिशेब करू. वर्षाच्या ४० लाख पर्यटकांना ३६५ दिवसांनी भागले, तर दिवसाला सरासरी ११ हजार पर्यटक येतात. म्हणजे नवी मर्यादा सरासरीच्या बरीच वर आहे. ती लागू पडते ती केवळ ऐन हंगामात, सुटीच्या आणि मोफत प्रवेशाच्या दिवशी. अशा दिवसांपुरता तिचा उपयोग आहे, यात शंका नाही. परंतु एरवी जाणवणारी गर्दी तिने कमी होणार नाही. कारण ती गर्दी संख्येपेक्षा वाटेवर अवलंबून आहे.

मार्गदर्शकाच्या झेंड्यामागे चालणारा गट मरीना दरवाजातून आत येतो. बॅसिलिका, नगरचौक, तेथील गुरूचे देवालय, स्नानगृह आणि अखेरीस लुपानार हे छोटेसे वेश्यागृह असा त्याचा ठरलेला क्रम असतो. दोन-तीन तासांत हे सारे आटोपून गट बसमध्ये परततो. नगराची ६६ हेक्टर जमीन आणि त्यातील सुमारे दोन-तृतीयांश उत्खनन झालेला भाग यांच्या मानाने ही वाट अगदी तोकडी. लुपानारच्या दाराशी रांग लागलेली असताना अबुंदान्सा रस्त्याने पूर्वेकडे जवळपास एक किलोमीटर चालत गेले, तर अँफिथिएटरच्या परिसरात गर्दी चांगलीच विरळ झालेली आढळते. भित्तिचित्रांच्या खोल्यांना श्वासांतील आर्द्रतेचा, गिलाव्याला पाठीवरच्या पिशव्यांचा आणि जोत्यांना लाखो पावलांचा त्रास होतो, तो याच थोड्या जागी.

दुसऱ्या बाजूला, पॉम्पेईचे मोठे नुकसान पर्यटकांनी केले, असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल. १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी येथे दीडशेहून अधिक बाँब टाकले. त्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालेली 'स्कोला आर्मातुरारुम' ही इमारत नंतर काँक्रीटचे छत घालून पुन्हा उभी केली गेली आणि ६ नोव्हेंबर २०१० रोजी पावसाळी दिवसांत कोसळली. पाण्याचा निचरा, देखभालीची हयगय आणि चुकीची दुरुस्ती यांचा तो परिणाम होता. जगभर नाचक्की झाल्यावर युरोपीय संघाच्या मदतीने १० कोटी ५० लाख युरोंचा 'महापॉम्पेई प्रकल्प' हाती घेण्यात आला. त्यातून भिंती सावरल्या, निचऱ्याची व्यवस्था झाली, बंद घरे उघडली. सुमारे वीस वर्षे बंद असलेले वेत्तींचे घर जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले, ते याच बदललेल्या वातावरणात. अशा देखभालीला दरवर्षी पैसा लागतो आणि तो मोठ्या प्रमाणावर तिकिटांतूनच येतो. पर्यटक हा या नगराचा भार आहे, तसाच आधारही आहे.

वेशीबाहेर राहणारा कोण?

मर्यादा घालताना आणखी एका गोष्टीचा विचार व्हायला हवा. आगाऊ आरक्षण करून येणाऱ्या मोठ्या गटांना नाव नोंदवलेले तिकीट मिळवणे कठीण नाही. अडचण होते ती सकाळी मनात आले आणि गाडीत बसला, अशा एकट्या-दुकट्या प्रवाशाची. ज्या रविवारी ३६ हजार लोक आले, तो दिवस मोफत प्रवेशाचा होता, हे विसरता येणार नाही. चार जणांच्या कुटुंबासाठी तिकीट काढणे ज्यांना परवडत नाही, असे लोकही अशा दिवसाची वाट पाहतात. वारसा वाचवण्याच्या नावाखाली पहिला कट्टा त्यांच्यावरच बसणार असेल, तर तो निर्णय अपुरा म्हणावा लागेल.

मग उपाय काय? पॉम्पेई पुरातत्त्व उद्यानाचे संचालक गॅब्रिएल झुख्ट्रिगेल यांनी मर्यादेच्या जोडीला परिसरातील इतर स्थळांकडे लक्ष वळवले आहे. ओप्लोंटिस, स्टाबिए, बोस्कोरेआले येथील प्राचीन वाड्यांपर्यंत पर्यटकांना नेणारी बससेवा हा त्याचाच भाग. गर्दी अडवण्यापेक्षा ती पांगवण्याचा हा विचार अधिक टिकाऊ वाटतो. मात्र तो यशस्वी होण्यासाठी सहल आखणाऱ्या कंपन्यांनी पॉम्पेईला अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवस, शक्य तर दोन दिवस द्यायला हवेत. केवळ सरकारी फतव्याने ते होणार नाही.

मराठी वाचकाला याचे सोयरसुतक का असावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. अबुंदान्सा रस्त्यालगतच्या एका घरात १९३८ मध्ये सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. 'पॉम्पेईची लक्ष्मी' या नावाने ती प्रसिद्ध झाली. ती यक्षीची असावी, असे आज अनेक अभ्यासक मानतात. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळाल्या आहेत. त्यामुळे ती दख्खनमधूनच समुद्रमार्गे तेथे पोहोचली असावी, असे मत मांडले गेले. व्हेसुव्हियसच्या पायथ्याच्या एका घरात आपल्याकडच्या कारागिराच्या हातची वस्तू असण्याची शक्यता आहे. झेंड्यामागून दोन तासांत उरकणाऱ्या पर्यटकाला ते घरही दिसत नाही आणि ती मूर्तीही. सिकंदराच्या लढाईचे प्रसिद्ध मोझेकही मुळात याच संग्रहालयात आहे. फॉनच्या घरात दिसते ती त्याची प्रतिकृती.

पॉम्पेईचा सुमारे एक-तृतीयांश भाग आजही मातीखाली आहे. पुढच्या पिढ्यांकडे अधिक चांगली साधने असतील, या विचाराने त्यातील बराचसा भाग न खणता ठेवण्याचेच धोरण आहे. जे उघडले आहे, ते पाहण्यासाठीही हाच संयम हवा. वीस हजारांची वेस ही एक सुरुवात आहे. पण रोमन गाड्यांनी फरसबंदीत पाडली, तशी पर्यटनानेही येथे एक चाकोरी पाडली आहे. तिच्यातून बाहेर पडून जरा सावकाश, जरा लांबच्या गल्लीपर्यंत चालणारी माणसे वाढली नाहीत, तर उद्या वेस दहा हजारांवर आणली तरी नगरचौकातील दगड तसेच झिजत राहतील.