सडा पडीक नव्हे

राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. त्याच्या पोटात पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या अनेक प्राण्यांच्या आकृत्या आहेत. ही आणि कोकण-गोव्यातील इतर काही ठिकाणची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आमच्या सातबाऱ्यावर मात्र असा कातळ 'पोटखराबा' म्हणूनच पडून असतो!

शेतकरी बंधूंनो, समुद्राकाठचा हा कातळमाथा खरेच खराबा आहे का? जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र असल्याने त्यातले बरेच पाणी कातळात मुरते आणि पायथ्याला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. खालच्या आगरातली माडा-पोफळीची झाडे त्यावरच जगतात. वर गुरांना चरायला गवत मिळते, आणि पावसाळ्यात सीतेच्या आसवांनी सडा निळा-जांभळा होतो. दर्यावर गेलेला कोळीही किनाऱ्यावरचा उंच डोंगर नजरेत ठेवूनच होडी वळवतो.

चिऱ्याला आमचा विरोध नाही. कोकणातली घरे चिऱ्याचीच आणि खाणीवर अनेकांची चूलही पेटते. पण खाण कुठे काढायची, याचा विचार नको का? झऱ्याच्या डोक्यावरच कातळ कापला, तर खालची विहीर आटण्याचा धोका राहतो. शिल्पावर यंत्र फिरले, तर ते पुन्हा कोरणारे हात आता नाहीत. आलेला पैसा चार वर्षांत संपतो, खड्डा मात्र नातवंडांच्या वाट्याला येतो.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींना एवढेच सांगणे, की कागद आधी करा, खाण मागाहून. गावातल्या कातळशिल्पांच्या आणि झऱ्यांच्या जागा गट नंबरासह लिहून काढा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. ती नोंदवही कपाटात पडून असेल तर बाहेर काढा, सड्यावरची झाडे-फुले तीत उतरवा. गौण खनिजाच्या परवान्यासाठी अर्ज आला की ही यादी ठरावासह तहसीलदारांपुढे ठेवा. नुसत्या तोंडी तक्रारीला कचेरीत कोण विचारतो?

आणि जमीनमालकांनो, सडा विकण्याआधी एकदा पायथ्याच्या विहिरीत डोकावून पाहा. तिथले पाणी कुठून येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने पुढच्या ग्रामसभेत गप्प बसू नये.