दुःखी घरातील नाताळ

डिसेंबर निम्मा सरला की ख्रिस्ती वस्त्यांतून घराघरांवर कागदी तारे लागतात, स्वयंपाकघरांत फराळाची लगबग सुरू होते आणि मुले नव्या कपड्यांची वाट पाहू लागतात. हा आनंद खराच; परंतु त्याच्या जोडीने काही घरांत एक अबोल चिंताही वावरत असते. भेटवस्तूंची यादी मिळकतीपेक्षा लांब झालेली असते. दूरदेशी गेलेला मुलगा यंदाही येणार नसतो. आणि ज्या घरातील माणूस त्याच वर्षी निवर्तले, त्या घराला तर 'सण आनंदात झालाच पाहिजे' ही अपेक्षाच ओझे होऊन बसते. आपल्याला आनंद वाटत नाही, त्या अर्थी आपल्या श्रद्धेतच काही उणे असावे, अशी खंत तेथील गृहिणीला लागते.

ही खंत अनाठायी आहे. नाताळची मूळ कथा पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे की, ऑगस्त कैसराच्या आज्ञेने नावनिशी लिहून देण्यासाठी योसेफाला गरोदर मरीयेसह नासरेथहून बेथलेहेमास जावे लागले. उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही. बाळ जन्मले आणि त्याला गुंडाळून गव्हाणीत निजविण्यात आले. त्या जन्माची वार्ता प्रथम पोचली ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांकडे. मत्तयाच्या शुभवर्तमानात याहून कठोर प्रसंग आहे. हेरोद राजाच्या भयाने हे कुटुंब रातोरात मिसर देशी निघून गेले आणि बेथलेहेममधील दोन वर्षांच्या आतील मुलग्यांचा राजाज्ञेने वध झाला. प्रवासाचा शीण, परका गाव, भय, परागंदा होणे आणि मातांचा आक्रोश, हे सारे या कथेतच आहे. ख्रिस्ती श्रद्धा सांगते की देव मनुष्याजवळ आला तो अशा ठिकाणी. मग दुःखी माणसाला या सणात परके का वाटावे?

चर्चच्या पंचांगानेही याचे भान राखले आहे. रोमन कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेत नाताळापूर्वीचे चार रविवार 'आगमनकाळ' म्हणून पाळतात. हा काळ प्रतीक्षेचा आणि आत्मपरीक्षणाचा असतो. बाजाराने मात्र नेमका हाच काळ धावपळीचा करून टाकला आहे. २५ डिसेंबरच्या दुसऱ्याच दिवशी पहिला हुतात्मा स्तेफन याचे स्मरण केले जाते आणि २८ डिसेंबर हा बेथलेहेमच्या त्या निष्पाप बालकांचा दिवस मानला जातो. सणाच्या ऐन भरात शोकाला असे हक्काचे स्थान दिलेले आहे. शिवाय हा उत्सव एका दिवसात संपत नाही. पूर्वेकडील ज्ञानी पुरुष बाळाच्या दर्शनास आले, त्याची आठवण ६ जानेवारीस होते. गोव्यात रेईश मागूश येथे त्या सुमारास तीन राजांचे फेस्त भरते. तेव्हा सारे काही २५ तारखेच्या आतच उरकले पाहिजे, ही घाई आपणच लावून घेतलेली आहे.

अमेरिकन कवी लाँगफेलो याचे उदाहरण येथे बोलके आहे. जुलै १८६१ मध्ये वस्त्रांना आग लागून त्याची पत्नी दगावली. तिला वाचविताना तोही भाजला. देशात यादवी युद्ध पेटले होते. १८६३ मध्ये थोरला मुलगा वडिलांच्या संमतीवाचून सैन्यात गेला आणि नोव्हेंबरात गोळी लागून जबर जखमी झाला. त्याच वर्षीच्या नाताळात लाँगफेलोने चर्चच्या घंटांवर एक कविता लिहिली. तिचा शेवट आशेचा आहे. परंतु तेथे पोचण्यापूर्वी कवी आपले नैराश्य स्पष्ट शब्दांत मांडतो. आशा म्हणजे दुःखाचा विसर नव्हे, हे त्या कवितेवरून कळते.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. ज्या घरी यंदा दुःख आहे, तेथे रोषणाई आणि मेजवानी कमी झाली तर नाताळ उणा होत नाही. गेलेल्या माणसाचे नाव प्रार्थनेत घ्यावे, त्याच्या आठवणी मुलांना सांगाव्यात. डोळे भरून आले तर लाजू नये. खर्चाची मर्यादा पतिपत्नींनी आधीच ठरवावी आणि मुलांनाही ती विश्वासाने सांगावी. कर्ज काढून आणलेली भेट गव्हाणीपुढे शोभत नाही. फराळाची ताटे शेजारी पाठविण्याची आपल्याकडील चाल फार चांगली आहे. त्यातले पहिले ताट दुखवट्याच्या घरी, एकट्या वृद्धाकडे किंवा नोकरीपायी घरापासून दूर राहणाऱ्या तरुणाकडे न्यावे. मात्र ते नोकराहाती पाठवू नये. स्वतः जावे आणि घटकाभर तेथे बसावे. सांत्वनाचे मोठे शब्द सुचले नाहीत तरी चालते.

बेथलेहेमात त्या रात्री एका श्रांत कुटुंबाला उतारशाळेत जागा मिळाली नव्हती. यंदाच्या नाताळात आपल्या घरात आणि आपल्या वेळात अशा कोणासाठी तरी जागा निघाली, तर त्या सणाचा अर्थ आपल्याला कळला असे म्हणता येईल.