कचेरी की बालवाडी?

गेल्या उन्हाळ्यात प्रवेशासाठी लागणारा एक दाखला आणण्याकरिता सिरोंचातल्या एका कचेरीत जाण्याचा योग आला. योग म्हणण्याचे कारण असे की, चौथ्या खेपेस संबंधित बाई जागेवर सापडल्या. मात्र त्या एकट्या नव्हत्या. टेबलाखाली वर्तमानपत्र पसरून तीनेक वर्षांचा मुलगा रद्दी कागदांवर शिक्के उमटवीत बसला होता आणि पाच-सहा वर्षांची मुलगी कपाटाला टेकून चित्र काढीत होती. मी अर्ज पुढे केला, तोच खालून आवाज आला, “अम्मा, नीळ्ळू!” बाई उठल्या, पोराला पाणी पाजून आल्या, तोवर माझा अर्ज भलत्याच गठ्ठ्यात गेला होता. रांगेतले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “ही कचेरी आहे की बालवाडी?” सगळे हसले. खरे सांगायचे तर मीही हसलो.

बाई काही बोलल्या नाहीत. दाखला हातात देताना मात्र हळूच म्हणाल्या, “सासूबाई दवाखान्यात आहेत, भाऊ. आजचाच दिवस.”

संध्याकाळी हा किस्सा मी घरी रंगवून सांगितला. आई हसली नाही. ती एवढेच म्हणाली, “तुला कुठं ठेवून जात होती मी? मिरचीच्या शेतात, बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून वाढवलं तुला.”

त्या एका वाक्याने माझे हसू माझ्याच गळ्यात अडकले. आपल्या भागातील किती तरी कुटुंबे मिरची तोडणीच्या हंगामात नदीपलीकडे तेलंगणात जातात. जाताना भांडीकुंडी नेतात, तशीच पोरेही नेतात. मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू झाला की पहाटे आईबरोबर पोरे जंगलात आणि दुपारी सारे घर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायला बसलेले. तेथे कोणी विचारीत नाही, “हे शेत आहे की बालवाडी?” शेताच्या बांधावर जे मूल कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, तेच कचेरीच्या फरशीवर का खुपावे? मला वाटते, कष्टकरी बाईचे मूल आपण गृहीत धरले आहे आणि नोकरदार बाईला मूल आहे, हेच आपण विसरू पाहतो. दोन्हीकडे मुलाचा विचार कोणीच केलेला नाही.

याचा अर्थ झोळीचे कौतुक करावे असा मुळीच नाही. झोळीतल्या पोराला ऊन लागते, किडामुंगी चावते आणि जरा मोठे झाले की त्याची शाळा बुडते. माझीही बुडाली होती. तसेच टेबलाखालचे मूल म्हणजे आदर्श व्यवस्था, असेही मी म्हणत नाही. कचेरीत दूरच्या खेड्यांतून बस पकडून माणसे येतात. त्यांचे काम अडले तर त्यांचा संताप खोटा कसा म्हणावा? पण हा संताप कोणावर काढायचा, हा खरा प्रश्न आहे. पोराला तहान लागली, हा पोराचा दोष नाही आणि आईचाही नाही.

कायद्याने या प्रश्नाकडे अगदीच पाठ फिरवली आहे असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे पाळणाघर सांगितले. १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली गेली. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात, सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर येत असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला मजुरी देऊन नेमावे, अशी तरतूद होती. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा आली. पण सिरोंचासारख्या गावात एका छपराखाली पन्नास कर्मचारी असलेली ठिकाणे किती? पन्नासचा आकडा शहराच्या मापाने कापलेला सदरा आहे; आपल्या अंगाला तो बसत नाही.

आणि शहरातही सारे आलबेल आहे असे नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा कोठे विधानभवनात हिरकणी कक्षाची सोय झाली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या अधिवेशनात त्या कक्षातील धूळ आणि गैरसोय पाहून त्यांना जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. आमदाराची ही कथा, तर कारकून बाईने कोणाकडे बघावे? आपण हिरकणीच्या धाडसाचे गोडवे गातो. पण बाळासाठी आईला कडा उतरावा लागतो, यात गडाची काही चूक आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही.

मार्ग नाही असे नाही. ठाणे जिल्ह्यात, आज जो भाग पालघर जिल्ह्यात आहे, तेथे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो फार पूर्वी दाखवून दिला. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल येत नाही म्हणून त्यांनी मुलाला दोष दिला नाही, शाळेची जागा बदलली. हाच न्याय येथे का लावू नये? गावातल्या चार-पाच कचेऱ्या मिळून एक खोली, एक सांभाळणारी बाई, पाण्याचा माठ आणि चार खेळणी एवढे जमणे अशक्य आहे काय?

आता थोडे आपल्या घरात पाहू. परीक्षेच्या दिवसांत आपल्याच महाविद्यालयाच्या झाडाखाली एखादी आजी तान्हे बाळ मांडीवर घेऊन बसलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. आत बाळाची आई पेपर लिहीत असते. बाळ रडले की तिचा हात थांबतो. ज्यांच्या घरी अशी आजी नाही, त्या मैत्रिणी परीक्षेला येतच नाहीत आणि आपण म्हणतो, “तिचे शिक्षण सुटले.” सुटले नाही, आपण सोडवले. प्राध्यापक मंडळींना माझी नम्र विनंती आहे की, निदान परीक्षेपुरती तरी एक खोली या बाळांसाठी मोकळी करावी. सांभाळायला आम्ही विद्यार्थी पाळीपाळीने बसू, आणि त्यात मुलगेही असतील.

पुन्हा त्या कचेरीत जाण्याचा प्रसंग आला तर टेबलाखालच्या पोराला पाणी मीच देईन. रांग तेवढी थांबेल. माझ्या झोळीला झोका देण्यासाठी आईची तोडणीही थांबतच असेल.