शँडीचा पेला आणि आंबिलीचे मडके

चैत्र-वैशाखात वडवणीच्या परिसरात पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई भरात असते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे हंगाम आटोपून परतलेली असतात, शहरांतील तरुण मंडळीही गावी येतात. अशा वेळी ‘ही काही दारू नव्हे, लिंबू घातलेली हलकी बिअर आहे’, असे सांगत एखादा पेला पुढे केला जातो. या मिश्रणाचे नाव शँडी. ते नेमके काय आहे, हे प्रत्येक घराला ठाऊक असावे.

इंग्लंडमधील रूढ कृती अगदी साधी आहे. थंडगार बिअर आणि तितकेच लिंबाचे गोड, फसफसणारे पेय घ्यावयाचे. पेला तिरका धरून प्रथम बिअर ओततात व फेस बसला की दुसरे पेय सावकाश सोडतात. जुन्या काळी लिंबाऐवजी आल्याचे पेय वापरीत. जर्मनीत अशाच मिश्रणाला ‘राडलर’, म्हणजे सायकलस्वार, म्हणतात.

आता हिशेब पाहू. ५ टक्के मद्यार्काच्या ६५० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे २६ ग्रॅम मद्यार्क असतो. तीत तेवढेच लिंबूपेय मिसळले, तर पेयाची तीव्रता निम्मी होते. मद्यार्क मात्र २६ ग्रॅमच राहतो. बाटली ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरची असेल, तर मिश्रण ४ टक्क्यांचे, म्हणजे जवळजवळ साध्या बिअरइतकेच होते. गोडीमुळे कडवटपणा झाकला जातो आणि दोन पेल्यांचे चार कधी झाले, ते कळत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक धोका संभवतो. शरीरातील पाणी राखण्यासाठी मेंदूतून स्रवणारे संप्रेरक मद्यार्कामुळे दबते व लघवीचे प्रमाण वाढते. तहान भागल्यासारखी वाटते, पण उन्हात घाम गाळलेल्या शरीराची पाण्याची तूट भरून निघत नाही. गर्भवती, अठरा वर्षांखालील मुले, यकृताचे रुग्ण आणि मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारे यांनी शँडीही वर्ज्य मानावी. वाहन चालविणाऱ्यानेही ‘हलकी आहे’ या भरवशावर राहू नये. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

मग तहानेसाठी काय द्यावे? उत्तर आपल्याच चुलीवर आहे. धान्य आंबवून त्यात आंबटसर द्रव मिसळण्याची कला मराठवाड्याला नवी नाही. वेळा अमावास्येला शेतात नेली जाणारी आंबील हे त्याच कलेचे निर्व्यसनी रूप होय.

चार जणांसाठी चार मोठे चमचे ज्वारीचे पीठ एक वाटी ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण धार धरून सोडावे. गुठळ्या होऊ नयेत म्हणून सतत ढवळत दहा मिनिटे शिजवावे. पूर्ण निवल्यावर दोन वाट्या ताजे ताक, ठेचलेला लसूण, जिरेपूड, कोथिंबीर व बेताचे मीठ घालावे. मातीच्या मडक्यात ती छान गार राहते. मात्र ताक घातलेली आंबील त्याच दिवशी संपवावी. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ कमी घ्यावे.

आंबिलीतून पाणी, मीठ आणि सावकाश पचणारे पिष्ट एकत्र मिळते. तरीही उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापले किंवा शुद्ध हरपली, तर त्याला काहीही पाजत बसू नये. सावलीत नेऊन अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

लग्नघरच्या यजमानांना एवढेच सुचवावेसे वाटते : यंदा मांडवाच्या दाराशी आंबिलीचे एक मडके ठेवा. तहानलेल्या पाहुण्याचा हात प्रथम समोर दिसेल त्या पेल्याकडेच जातो.