मुलांच्या हातीं आलेलें इंटरनेट

घरांत इंटरनेट आलें म्हणजे मुलांच्या शिक्षणाची सोय झाली, असा समज आमच्या शेतकरी बंधूंत दृढ झालेला दिसतो. सन २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां कित्येकांनीं पोटास चिमटा घेऊन मुलांस स्मार्टफोन घेऊन दिले. त्या वेळीं तें योग्यच होतें. परंतु फोन दिला कीं आपण मोकळे झालों, ही वृत्ति शाळा उघडल्यावरही गेली नाहीं.

'असर'च्या सन २०२४ च्या ग्रामीण पाहणींत १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ८२ जणांस स्मार्टफोन चालवितां येतो, असें आढळलें. त्यांपैकीं आधींच्या आठवड्यांत तो शिक्षणाच्या कामीं वापरणारे शेंकडा ५७, आणि समाजमाध्यमांसाठीं वापरणारे ७६!

आमच्या घरचेंच उदाहरण देतों. गेल्या खरिपांत ई-पीक पाहणीचें काम आम्हीं दहावींतील पुतण्याकडे सोंपविलें. जन्मभर महसुली दप्तर लिहिलें, तरी त्या ॲपपुढें आमचीं बोटें चालत नाहींत. पुतण्यानें पांच मिनिटांत काम उरकलें. सोयाबीनमध्यें तुरीच्या ओळी होत्या. यानें सगळें क्षेत्र सोयाबीनचें 'निर्भेळ' पीक म्हणून नोंदविलें. निर्भेळ म्हणजे काय हें त्यास ठाऊक नव्हतें, आणि कोणास विचारावें असेंही वाटलें नाहीं. त्याच्या धाकट्या बहिणीच्या हातीं फोन क्वचितच पडतो. तिनें ती नोंद वाचून विचारलें, "काका, आपल्या शेतांत तूरही आहे ना? मग मिश्र नको का?" ४८ तासांची मुदत संपली नव्हती म्हणून दुरुस्ती झाली, एरवीं तूर सातबाऱ्यावर चढलीच नसती. चावडींत बसून पीकपाहणी लिहिणारांस आम्हीं पूर्वीं किती नांवें ठेविलीं होतीं!

यांत मुलाचा दोष थोडा, आमचा अधिक. आम्ही जवळ बसलों नाहीं. सातबारा, बाजारभाव, हवामानाचा अंदाज हीं घरचींच कामें मुलांकडून फोनवर मोठ्यानें वाचून घ्यावीं, अडलेला शब्द समजावून द्यावा, आणि वाचलेलें बांधावर जाऊन ताडून पाहावयास लावावें. यास शाळेची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

मुलींसंबंधीं आणखी एक गोष्ट. त्याच पाहणींत फोन चालवितां येणाऱ्या मुलांपैकीं शेंकडा ३६ जणांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकीं २७ जणींकडे. आमच्या घरींही तोच प्रकार होता. आतां रब्बीची नोंद पुतणीकडे दिली आहे. ती हरभऱ्यांत उभी राहून भरील. चष्मा घेऊन आम्ही शेजारीं उभे राहूं.